आरोळी जिथे तुटायची

एकदा एका वृद्ध कासाराने भर सकाळी, भर गल्लीत, आपल्या खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळांचं तोंड उपरण्याने दाबलं. चार पावलं आधी तो खणखणीत आवाजात ओरडत होता. दहा पावलं पुढे गेल्यावर पुन्हा ओरडू लागला. मधल्या त्या एका दारापुढून मात्र तो माळा छातीशी धरून, श्वास रोखून असा गेला, जणू त्या घरातून काही चोरून चालला आहे. मागून चालणाऱ्या त्याच्या शिष्येने ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, म्हातारा सटकला.

शिष्येचं नाव हर्षाली. वय तेवीस. कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सोडून घरी आलेली. तिथे तीन तासांत जे सांगतात ते तीन ओळींत मावतं, असं तिचं मत होतं, आणि ते तिने प्राध्यापकांना तोंडावर सांगितलंही होतं. कासार तिच्या आजीचा धाकटा भाऊ. पण त्याला त्या नात्याने कोणी हाक मारत नसे. परक्या बाईचा हात हातात घ्यायचा तर नातं माहेरचं हवं, म्हणून कासार हा प्रत्येकीचा मामा, अशी त्या गावची रीत होती. सासू त्याला मामा म्हणे, सूनही मामा म्हणे, आणि हर्षालीही मामाच म्हणे.

ते काय होतं, असं तिने पुढच्या वळणावर विचारलं. मामा म्हणाला, नंतर सांगेन. वडीलधाऱ्यांची ही फार जुनी युक्ती आहे. 'नंतर' म्हटलं की आपलं शहाणपणही शाबूत राहतं आणि उत्तर देण्याचे कष्टही वाचतात.

तरीही ती त्याच्यामागे चालत होती, कारण ती आरोळी तिच्या लहानपणात रुतून बसली होती. सुट्टीत ती आजीकडे येई तेव्हा सकाळची उन्हं ओट्यावर उतरायच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी आवाज उठे, "काकणं भराऽऽ, हिरवी, लाल, राजवर्खीऽऽ", आणि दारं एकामागून एक उघडत जात. कोणी पीठ माखलेल्या हातांनी येई, कोणी अर्धी वेणी तशीच सोडून. मामा मांडी घालून बसे. समोरचीचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवून, अंगठ्याचं मूळ आत दाबून, एकेक बांगडी अशी सरकवी की तिला कळायच्या आत ती मनगटावर वाजत असे. मध्येच एखादी कट्‌कन तुटे. 'फुटली' असं कोणी म्हणत नसे. 'वाढली' म्हणत आणि हसत. सात वर्षांच्या हर्षालीच्या हातात मामाने दोन लाल बांगड्या भरल्या होत्या. त्या चौथ्या दिवशी वाढल्या. पण त्यांचा आवाज सोळा वर्षांनंतरही तिच्या कानात होता, तिने पुढे ऐकलेल्या बऱ्याचशा व्याख्यानांपेक्षा स्पष्ट.

त्या ओट्यावर मामाला काय काय कळे. एखादीच्या बोटांवर सूज दिसली की तिच्या सासूच्या आधी त्याला बातमी लागे. नव्या नवरीच्या तळव्यावर महिनाभरात घट्टे पडले की ते घर कसं आहे ते कळे. मनगटावरचा डाग चटका बसल्याचा आहे की कोणी दिल्याचा, तेही कळे. मामा यातलं अक्षर कोणाला बोलत नसे. सगळं पोटात ठेवी. गाव त्याबद्दल त्याला फार मान देई.

विद्या शिकवण्याची त्याची पद्धत मात्र जीव काढणारी होती. सहा महिने त्याने हर्षालीला बांगडीला हात लावू दिला नाही. नुसते हात धरायचे. डोळे मिटायचे, सांध्यावरून अंगठा फिरवायचा, माप सांगायचं. आधी हात, मग माप, हा त्याचा एकच मंत्र. एकदा ती वैतागून म्हणाली, बाई स्वतः सांगते आहे माप दोन सहा, तर द्यावी दोन सहा आणि व्हावं मोकळं. तेव्हा मामाने मान हलवली.

"ती तिच्या लग्नातलं माप सांगते, पोरी. हात आजचा असतो."

हे वाक्य तिने ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं. मामानेही कधीतरी तेच केलं होतं, हे दोघांनाही पुढे कळायचं होतं.

बाजारातल्या एका गाळ्यात मामाचं छोटं दुकान होतं, त्याची दशा तेव्हा वाईट होती. काचेची बांगडी आता सणाला, लग्नाला, तीही कोणीतरी आग्रह केला तर. फेरीला दारं उघडत ती म्हाताऱ्यांचीच. अक्षय तृतीयेपर्यंत बघतो, नाहीतर गाळा देऊन टाकतो, असं मामाने जाहीर केलं होतं. गाळा मागणारा माणूस फोनची कव्हरं विकायचा. हर्षालीला हे झोंबलं. कॉलेज अर्धवट सुटलं ते तिने स्वतः सोडलं होतं. ही दुसरी विद्या मात्र तिच्या हातातून कोणी काढून घेणार होतं, आणि मग 'हिचं काहीच तडीस जात नाही' असं म्हणायला सगळी भावकी टपून बसलेली होती.

तेव्हा तिने फोनवर जाहिरात केली. ती जाहिरात सगळ्यांना दिसत नसे, जिला हवी तिलाच दिसे, असा तिचा महिमा. फोनने तिला प्रश्न विचारले. कोणत्या वयाच्या बायकांना दाखवू? किती अंतरावरच्या? सोयरीक जमलेल्यांना दाखवू का? लग्नाच्या साड्या, मेंदी, ब्लाउजची डिझाइनं पाहणाऱ्यांना दाखवू का? तिने सगळ्यांना हो म्हटलं. हिरव्या चुड्याचा सुंदर फोटो टाकला आणि खाली ओळ लिहिली: मुहूर्त जवळ आला. चुडा भरला का?

मामा चष्मा सावरत बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने विचारलं, कोणाची सोयरीक जमली हे ह्याला कोण सांगतं? हर्षाली म्हणाली, त्याच सांगतात. साड्या बघतात, कार्यालयं शोधतात, अभिनंदनाला धन्यवाद म्हणतात. हा ध्यानात ठेवतो.

"म्हणजे माझाच धंदा की," मामा हसला. "फक्त मी ध्यानात ठेवलेलं कधी विकलं नाही."

"म्हणून तर दुकान बंद पडतंय," हर्षाली म्हणाली.

जाहिरात चालली, आणि नुसती चालली नाही, धावली. ज्या गावांची नावं मामाने फक्त एसटीच्या पाट्यांवर वाचली होती, तिथून बायका येऊ लागल्या. एक तर ऐंशी किलोमीटरवरून आली. कुस्ती खेळणारी मुलगी, खांदे दारात मावेनात. तिच्या गावातल्या दुकानदारांनी तिचा पंजा पाहून, बाई, तुम्हाला बांगडी नाही, कडं लागेल, असं म्हणून हसून परत पाठवलं होतं. लग्न पंधरा दिवसांवर, आणि हात मोकळे. जाहिरात तिच्या फोनवर आली तेव्हा तिने ती तीनदा पुसून टाकली, चौथ्यांदा मात्र पत्ता लिहून घेतला. मामाने तिचा हात गुडघ्यावर घेतला. साबणाचं पाणी लावलं, अंगठ्याचं मूळ दाबलं आणि मोठ्या मापाचा अख्खा चुडा, एकही न वाढता, भरला. आखाड्यात कोणालाही पाठ न दाखवणारी ती मुलगी मामाच्या पायाशी वाकली आणि घळाघळा रडली. मामा त्या दिवशी जेवताना म्हणाला, चाळीस वर्षं गल्लोगल्ली घसा फोडला. हे ओरडतही नाही आणि ऐंशी किलोमीटरवर ऐकू जातं. हर्षालीला वाटलं, आता कव्हरवाल्याने दुसरा गाळा शोधावा.

मग एका दुपारी नूतनची आई दुकानात आली.

नूतन ही हर्षालीची शाळेतली सोबतीण. तीन-चार आठवड्यांपूर्वी तिचं लग्न मोडलं होतं. पत्रिका वाटून झाल्यावर मुलाकडच्यांनी मध्यस्थाहाती निरोप धाडला होता, आमचं दुसरीकडे जमलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. हर्षालीलाही ठाऊक होतं. भेटायला मात्र ती गेली नव्हती. जाऊन बोलायचं काय? त्यापेक्षा एकटीला राहू द्यावं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

नूतनची आई बसली नाही. तिने फोन मामासमोर गादीवर ठेवला. वर हिरवा चुडा, खाली ओळ.

"मामा, लग्न मोडल्यापासून तुम्ही आमच्या दारात आवाज केला नाहीत. मनातल्या मनात तुमचे पाय धरत होते मी. आणि तुमचंच दुकान तीन आठवडे माझ्या लेकीला रोज विचारतंय, चुडा भरला का. ती पुसते, ते परत येतं. दारात आलेल्याला नको म्हणता येतं. ह्याला कुठून नको म्हणायचं, ते तरी सांगा."

मामाला यातलं अर्धंच कळलं. तरी त्याने हात जोडले. ती बाई जाता जाता म्हणाली, आमच्या गल्लीतली एक बाई आता तुमच्या हातात हात देईल तर शपथ. हे तिने चढ्या आवाजात म्हटलं असतं तर हर्षालीने उत्तर दिलं असतं. उत्तर तिच्याकडे नेहमी तयार असे. पण बाई हळू बोलली, आणि म्हाताऱ्याने न केलेल्या चुकीसाठी जोडलेले हात तसेच राहिले, तेव्हा हर्षालीने आपला फोन हातात घेतला. तिने त्याच क्षणी जाहिरात बंद केली.

मामा एवढंच म्हणाला, "उद्या फेरीला चल. त्या दिवशीचं उत्तर द्यायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी दोघं त्याच गल्लीत शिरली. मामा ओरडत होता. दारं उघडत नव्हती. नूतनच्या घरापाशी येताच त्याने माळा छातीशी घेतल्या, वरून उपरणं दाबलं आणि आवाज न करता पुढे गेला. पुढच्या नळाच्या ओट्याशी तो थांबला, घाम पुसला आणि मग बोलला.

"ओरडता कुणालाही येतं, पोरी. कासाराचा अर्धा धंदा ओरडण्याचा, अर्धा गिळण्याचा. आपण बाईचा हात धरतो, तेव्हा तिचं बरंच काही आपल्या हाती लागतं. त्यातलं किती वापरायचं नाही हे ज्याला कळतं, त्यालाच हात धरण्याचा अधिकार. कोणाला काकणं हवीत हे तुझ्या फोनला माझ्या आधी कळतं, मान्य. माझा घसा पोचत नाही तिथे तो पोचतो, तेही मान्य. पण कोणत्या दारापुढे गप्प व्हायचं, हे त्याला कोण शिकवील? गप्प राहण्यात विक्री बुडते. मी बुडू दिली. तो का बुडू देईल?"

दृष्टांत सांगणारे साधारणपणे इथे थांबतात. शिष्य वाकतो, म्हाताऱ्याच्या पायाला हात लावतो, ऐकणारे माना डोलावतात आणि चहा येतो. हर्षालीचीही मान खाली गेली होती. तिला खरोखरच लाज वाटत होती. पण गल्ली अजून संपली नव्हती.

पुढे तेच दार होतं, ज्याच्यापुढे त्या पहिल्या सकाळी मामाने श्वास रोखला होता. घर द्वारकाबाईंचं. नवरा गेला तेव्हा त्या तिशीत होत्या, आता एकसष्ट. शिवणयंत्रावर त्यांनी दोन मुलं वाढवली, मार्गाला लावली. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मुली त्यांच्या हातचा ब्लाउज घालून बोहल्यावर चढत. मामाने आरोळी तोडली, माळा दाबल्या, पाऊल उचललं. आणि दार उघडलं.

"थांबा, मामा."

त्यांचा चष्मा कपाळावर चढवलेला होता, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे होते आणि हातात फोन होता. फोन त्यांनी मामापुढे धरला. तोच चुडा, तीच ओळ. त्यांनी तो फोटो आपल्या फोनमध्ये जपून ठेवला होता.

"हे तुमचंच ना?"

मामाचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने पुन्हा हात जोडले. "चूक झाली, बाई. पोरीला कळलं नाही. कालच बंद केलंय."

"बंद कशाला केलंत? ते विचारत होतं, चुडा भरला का. मी सांगणार होते, नाही भरला."

द्वारकाबाई हसत होत्या. दिवसभर लग्नातल्या ब्लाउजची डिझाइनं बघते ना मी, त्या म्हणाल्या, म्हणून तुमच्या दुकानाला वाटलं मीच नवरी. पहिल्या दिवशी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी रडू आलं. तिसऱ्या दिवसापासून वाट बघायला लागले, आज विचारतंय का. काल आलं नाही, तर चुकल्यासारखं झालं.

"बाई, तुम्हाला दुखवायला नको म्हणून मी..."

"ठाऊक आहे, मामा. आत सगळं ऐकू येतं. शेजारच्या दारापर्यंत तुमची आरोळी येते. मग तुटते. पुढे मारुतीपाशी पुन्हा सुरू होते. एकतीस वर्षं." त्यांचं हसू आता थांबलं होतं. "तुमची आरोळी जिथे तुटते ना, तिथे मी राहते."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला.

"एकदा विचारायचं होतंत. पहिली दहा वर्षं मी नकोच म्हटलं असतं. पण म्हणायला मिळालं असतं."

हर्षालीने मामाकडे पाहिलं. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. न बोलण्याला समजूतदारपणा म्हणायचं, आणि तो समजूतदारपणा दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवून निघून जायचं, हे ह्या पिढीने अगदी मन लावून केलं. बाईला दुखवू नये, हे खरं. पण बाईचं उत्तर ऐकावं लागू नये, हेही तितकंच खरं होतं. मामाने तिचं दुःख पोटात ठेवलं, आणि ठेवलेलं तिथेच आंबलं. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिला नूतन आठवली. तीन-चार आठवडे आपणही त्या दारापुढून माळा दाबूनच गेलो, हे तिला दिसलं, आणि तिने जीभ आवरली.

मामा ओट्यावर बसला. बसला कसला, टेकला. मग त्याने माळांवरचं उपरणं काढलं. एकतीस वर्षांत प्रथमच त्या दारापुढे बांगड्या वाजल्या.

"कोणता रंग, बाई?"

"हिरवा नको. तो त्यांच्याबरोबर गेला. जांभळ्या द्या."

मामाने माळेतून जांभळ्या बांगड्या काढल्या, माप न विचारता. त्याला आठवत होतं. दोन चार. ह्या हातात त्यानेच लग्नाचा चुडा भरला होता, नाजूक, मऊ हात, बांगडी पाण्यासारखी उतरली होती. पहिली बांगडी सांध्यापाशी अडली. त्याने अंगठा दाबला. अडलीच. आणखी जोर दिला आणि बांगडी कट्‌कन वाढली. द्वारकाबाईंच्या हातावर रक्ताचा एक बारीक थेंब उभा राहिला. त्याने दुसरी घेतली. तीही दोन चारच.

तेव्हा हर्षाली बोलली. टोमणा मारायचा तर याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका हळू होता.

"मामा, आधी हात, मग माप."

मामा थांबला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, जणू आत्ता पहिल्यांदा पाहतो आहे. तीस वर्षं कात्री चालवून अंगठ्याचा सांधा गाठीसारखा झाला होता. बोटांची टोकं सुईने चाळणी झाली होती. ज्या हाताच्या काळजीपोटी तो आवाज गिळत आला, तो हात केव्हाच ह्या घरातून निघून गेला होता. मागे राहिलेल्या ह्या हाताला तो ओळखतही नव्हता.

"हात आजचा असतो," तो पुटपुटला. कोणाला म्हणाला, कळलं नाही. मग त्याने द्वारकाबाईंचा हात उचलून हर्षालीच्या हातात दिला. "हा तू धर. माझा अंदाज जुना झालाय."

हर्षालीने डोळे मिटले. सहा महिने ज्याचा कंटाळा केला होता ते सगळं तिच्या अंगठ्यात उतरलं. सांधा, त्याच्या बाजूचा खळगा, हाड कुठे सरकतं, कुठे सरकत नाही. दोन आठ, ती म्हणाली. साबणाचं पाणी आणलं. तिने तिच्या आयुष्यातली पहिली बांगडी भरली, मग दुसरी, मग डझनभर. एकही वाढली नाही. द्वारकाबाईंनी हात वर करून हलवला, आणि तो आवाज ऐकून शेजारचं दार उघडलं. मग समोरचं.

बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायची रीत. द्वारकाबाई वाकू लागल्या तसा मामा धडपडत उठला. आज नको, म्हणाला. तो स्वतःच खाली वाकला, आणि लोक बघत होते तरी थोडा वेळ तसाच राहिला.

परतताना मामाने विचारलं, मग तुझ्या त्या फोनचं काय करायचं, चालू की बंद? हर्षालीने लगेच उत्तर दिलं नाही. तिच्यासाठी हे नवीनच होतं. जिथे फोनचा हिशोब बरोबर होता, तिथे जखम झाली होती. जिथे चुकला, तिथे दार उघडलं होतं. पैलवान मुलीला तो हसला नव्हता, हेही खरं. फोनला कालचं कळतं. मामाला एकतीस वर्षांपूर्वीचं कळत होतं. दोघेही बाईला ओळखतो म्हणत होते, आणि हात मात्र कोणीच धरत नव्हतं.

तिने जाहिरात पुन्हा सुरू केली. फोन विचारत गेला, सोयरीक जमलेल्यांना दाखवू? नाही. लग्नाच्या साड्या पाहणाऱ्यांना? नाही. मग कोणाला? सगळ्यांना, तिने सांगितलं. आणि ओळ बदलली: काचेच्या बांगड्या हात बघून भरून मिळतील. हव्या असतील तर या. फोनने तिला बजावलं, अशाने कमी लोक येतील. कमी आले. पण आले, आणि अक्षय तृतीयेला मामाने कव्हरवाल्याला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू.

द्वारकाबाईंना बांगड्या भरल्या त्याच दुपारी हर्षाली नूतनकडे गेली, रिकाम्या हातांनी. नूतनने दार उघडलं आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलीस? महिनाभर सगळे मला जपतायत. कोणी काही विचारत नाही. विचारायची ती फक्त तुझी जाहिरात."

"काय बोलावं कळत नव्हतं."

"जाहिरातीला कळत होतं?"

हर्षालीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. नूतनचंही तसंच झालं. मग त्या दोघी चहा करायला आत गेल्या. त्या दिवशी बांगड्यांचं नाव निघालं नाही.

आता मामा फेरीला निघतो तेव्हा त्याच्या बरोबरीने हर्षाली चालते आणि आरोळी दोघं आलटून पालटून देतात. ती कुठे तुटत नाही. काही दारांपुढे खाली उतरते, तेवढंच. परवा नूतनच्या दारापुढे मामा थांबला. उपरणं खांद्यावरच होतं. त्याने साध्या आवाजात विचारलं, नूतन, काकणं भरायचीत का गं?

आतून नूतनचा आवाज आला.

"आज नको, मामा."

"बरं," मामा म्हणाला, आणि पुढे निघाला. समोरच्याला 'नको' म्हणायला जागा ठेवली, तरच ते विचारणं; एरवी ती नुसती आरोळी, किंवा नुसतं मौन. हे मामाने सांगितलं नाही आणि हर्षालीने विचारलंही नाही. गल्लीच्या टोकापर्यंत खांद्यावरच्या माळा वाजत राहिल्या, आणि 'आज नको' मधला तो 'आज' दोघांनाही पुरेसा वाटला.